मिनीचा फॅन बेल्ट: रेडिएटर न काढता, पंखा फिरवत

तुमचा प्रश्न वाचला. १९७२ ची मिनी, ९९८ सीसीचं इंजिन, बॅटरी भरायला डायनामो. सकाळी गाडी चालू केली की फॅन बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या जोरावर पंखा, वॉटर पंप आणि डायनामो फिरवणारा पट्टा, किंचाळतो, चार्जिंगचा लाल दिवा अधूनमधून लुकलुकतो, म्हणून नवा बेल्ट आणलात. शनिवारी दोन तास झटलात, बोटांची सालं निघाली, जुना बेल्ट डायनामोच्या पुलीवरून कसाबसा उतरला आणि पंख्याच्या पात्यांत अडकून बसला. आता कुणी सांगितलंय की रेडिएटर काढल्याशिवाय हे काम व्हायचं नाही, आणि तुम्ही विचारताय, काढू का?

नका काढू. मिनीचा रेडिएटर खाली इंजिनाच्या माउंटिंगपाशी धरलेला असतो आणि वरून एका ब्रॅकेटने थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाण्याचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेच्या, घराशी बांधलेला असतो. ते घर अ‍ॅल्युमिनियमचं आणि त्यातून जाणारे स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, लोखंडाचे. पन्नास वर्षांत दोन्ही धातू एकमेकांना असे धरून बसतात की नट फिरवायला गेलं तर स्टडच तुटतो. मग बेल्ट राहतो बाजूला आणि तुम्ही सिलिंडर हेडमधून तुटका स्टड काढत बसता. रेडिएटर काढायची वेळ कधी येते ते पुढे सांगतो, पण साध्या बेल्टसाठी ती येत नाही.

मी मिनीवर गेली बावीस वर्षं काम करतोय, इथे बर्मिंगहॅमच्या आसपास. त्याआधी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात अँबॅसॅडरच्या इंजिनांवर हात बसला होता. तो अनुभव इथे आयता कामाला आला. अँबॅसॅडरचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजचं आणि मिनीचं ए-सिरीजचं, एकाच घरातले थोरला आणि धाकटा. डायनामो तशाच पद्धतीने टांगलेला, नट-बोल्ट तसेच इंची. फरक जागेचा. अँबॅसॅडरचं बॉनेट उघडलं की माणूस आत उभा राहील एवढी ऐसपैस जागा, आणि मिनीत तळहात आडवा घातला की उभा करता येत नाही.

ही अडचण मुळातच ठरवून केलेली आहे. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ मध्ये ही गाडी आणली तेव्हा दहा फुटांच्या लांबीत चार माणसं बसवायची होती. म्हणून इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली तेलाच्या टाकीत घातला आणि रेडिएटर समोर न ठेवता डाव्या चाकाच्या वरच्या पत्र्याला लावून ठेवला. पंखा त्या रेडिएटरकडे तोंड करून आहे आणि हवा आतून बाहेर, चाकाच्या कमानीत ढकलतो. बेल्टची तिन्ही चाकं, म्हणजे खाली क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली, मध्ये वॉटर पंप आणि समोर जाळीच्या बाजूला डायनामो, ही सगळी त्याच डाव्या टोकाला, इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत. या फटीत ताकद चालत नाही. बेल्ट ओढून निघत नाही आणि ओढून बसतही नाही. पंखा हाताने फिरवत एकेका पात्यावरून तो उतरवायचा आणि तसाच चढवायचा. तुम्ही दोन तास जे केलंत ते बेल्ट ओढण्याचं काम होतं, म्हणून तो अडकला.

आधी जागा करून घ्या. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरी मागे डिकीच्या तळात आहे, तिची अर्थची वायर सोडा. तुमची गाडी १९७२ ची आहे म्हणजे निगेटिव्ह अर्थ असणार, बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं. १९६० च्या दशकातल्या बहुतेक मिनी पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, म्हणून दुसऱ्या कुणाच्या जुन्या गाडीवर हेच करायला गेलात तर वायर कुठे जाते ते डोळ्यांनी पाहून मग सोडा. किल्ली खिशात ठेवा. पंख्यात बोटं असताना कुणी घरातल्या माणसाने कौतुकाने किल्ली फिरवू नये.

बॉनेट काढून ठेवता आलं तर ठेवा. बिजागरीजवळ नटांभोवती पेन्सिलने रेघ मारा म्हणजे परत बसवताना फट सारखी येईल. दोघांचं काम आहे, पण पाच मिनिटांचं, आणि उजेड दुप्पट होतो. त्याहून उपयोगी म्हणजे समोरची जाळी. तुमच्या मॉडेलला ती छोट्या स्क्रूंनी धरलेली असते. हे स्क्रू काढून जाळी बाजूला ठेवलीत की डायनामोच्या पोटाखालचा बोल्ट सरळ समोर दिसतो. बहुतेक लोक जाळी काढत नाहीत, वरूनच आंधळेपणाने पाना लावतात आणि बोल्टचं डोकं गोल करून टाकतात.

पाने इंचीच घ्या, अर्धा इंची दोन हवेत, एक रिंगचा आणि एक उघड्या तोंडाचा. इथे घरोघरी मेट्रिक पाने असतात आणि तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर जवळजवळ बसतो. त्या ‘जवळजवळ’मध्येच नटाचे कोपरे जातात. एक छोटी विजेरी, शक्य असेल तर दाढीचा छोटा आरसा, आणि पातळ कापडी हातमोजे. पंखा लोखंडी पात्यांचा असेल तर त्याच्या कडा धारदार असतात.

आता डायनामो. त्याला चार जागी सैल करायचं असतं आणि इथेच घोळ होतो. वरच्या बाजूला दोन बोल्ट आहेत ज्यांवर तो झुलतो: पुलीकडच्या टोकाचा वॉटर पंपाच्या अंगावर, दुसरा मागे ब्लॉकला लावलेल्या ब्रॅकेटवर. खाली एक लांब खाच असलेली पट्टी आहे, तिचा एक बोल्ट डायनामोत जातो. हे तीन सगळे सैल करतात. चौथा नट त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, इंजिनावर, टायमिंग कव्हरच्या (टायमिंग चेनवरच्या झाकणाच्या) कडेला असतो आणि तो विसरला जातो. तो घट्ट राहिला तर पट्टी फिरत नाही, डायनामो अर्ध्यावर येऊन अडतो आणि माणसाला वाटतं की बेल्टच आखूड आहे. तुमचा जुना बेल्ट ‘कसाबसा’ उतरला असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला वाटतं तुमचाही चौथा नट घट्टच असावा. चारही सैल झाले की डायनामो हाताने इंजिनाकडे ढकलता आला पाहिजे, दातओठ न खाता. तरी हलत नसेल तर झुलायच्या बोल्टांवर गंज आहे. गंज सोडवणारं तेल मारा, चहा घेऊन या.

कॉइलकडेही पाहा. डायनामोच्या बऱ्याच गाड्यांत इग्निशनची कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) डायनामोच्याच पाठीवर बांधलेली असते. डायनामो आत ढकलताना तिच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना, ते बघा. बेल्ट बदलून गाडी चालू होत नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांत ही एक वायर निघालेली मला अनेकदा सापडली आहे.

डायनामो आत गेला की बेल्ट आधी त्याच्या पुलीवरून काढा, मग हात खाली घालून क्रँकच्या पुलीवरून. आता तो वॉटर पंपाच्या पुलीवर, म्हणजे पंख्याच्या मागे लोंबतोय. याला पात्यांच्या पुढे आणायचं आहे, आणि पाती आणि रेडिएटरचं काऊल, म्हणजे पंख्याभोवतीचं पत्र्याचं वेष्टण, यांच्यात बोटही मावत नाही. पण काऊलच्या वरच्या अंगाला एका बाजूला थोडी मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते. पात्यांच्या टोकाजवळून बोट फिरवत गेलात की एका ठिकाणी बोट जरा आत जातं. तीच जागा. सगळं काम तिथेच होतं.

डाव्या हाताने पंखा हळू फिरवून एक पातं त्या मोकळ्या जागेसमोर आणा. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने बेल्ट चिमटीत धरा, त्याची कड आडवी करा, म्हणजे रुंद पाठ पात्याला लागणार नाही, आणि त्या पात्याच्या टोकावरून पुढे घ्या. एक पातं झालं. आता बेल्ट सोडू नका, चिमूट तशीच ठेवा आणि पंखा फिरवा. पुढचं पातं स्वतःहून त्या जागी येतं आणि बेल्ट त्याच्यावरून जातो. चार पात्यांचा पंखा असेल तर चार वेळा. सहाचा असेल तर सहा. प्लॅस्टिकचा अकरा पात्यांचा असेल तर जरा वेळ लागतो, पण पाती लवचीक असतात, त्यांना हलकेच वाकवता येतं. जुनं प्लॅस्टिक मात्र थंडीत ठिसूळ होतं, म्हणून हिवाळ्यात गॅरेज थोडं गरम करून घ्या. पंखा फिरवताना जड लागला तर बेल्ट पुलीत आणि पात्यात आवळला गेला आहे. मागे फिरवा, सैल करा, पुन्हा पुढे या. जोर लावायचा मोह झाला की हात बाहेर काढा.

जुना बेल्ट तुम्हाला परत वापरायचा नाहीच. म्हणून तो अगदीच अडकला असेल तर चाकूने कापून काढा, काही बिघडत नाही. पण मी नवख्या माणसाला सांगतो की जुना न कापता काढा. काढताना हाताला जी वाट कळते तीच नवा घालताना उलटी वापरायची असते, आणि जुन्यावर शिकलेलं फुकट असतं.

नवा आत नेताना उलटा क्रम. आधी पात्यांवरून मागे, एकेक करत. मग बेल्टचा खालचा वेढा सोडा आणि क्रँकच्या पुलीच्या खाचेत बसवा. इथे डोळ्यांना काही दिसत नाही, दोन बोटांनी चाचपून बघावं लागतं की बेल्ट खाचेत आहे की पुलीच्या मागच्या कडेवर चढलाय. आरसा आणि विजेरी इथेच लागते. मग वॉटर पंपाची पुली, आणि शेवटी डायनामोची. डायनामो पूर्ण आत असेल तर शेवटच्या पुलीवर बेल्ट अंगठ्याने चढतो. चढत नसेल तर चौथ्या नटाकडे परत जा, किंवा बेल्टचा नंबर तपासा. डायनामोच्या आणि अल्टरनेटरच्या (डायनामोच्या जागी नंतर आलेलं चार्जिंगचं यंत्र) गाड्यांचे बेल्ट वेगळ्या लांबीचे असू शकतात, आणि इतक्या वर्षांत तुमच्या गाडीत कुणी काय बदललंय ते कागदावर नसतं.

स्क्रू ड्रायव्हरने रेटून बेल्ट चढवू नका. ही चूक मी केली आहे आणि तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली, म्हणून सांगतो. इथे आलो त्या पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या मिनीवर शेवटच्या अर्ध्या इंचासाठी मी स्क्रू ड्रायव्हर घालून बेल्ट पुलीवर रेटला. बाहेरून काही दिसलं नाही. अशा व्ही-बेल्टच्या, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्याच्या, आत दोऱ्यांचे पदर असतात, सगळा ताण तेच घेतात, रबर फक्त पकड देतं. ते दोरे मी आतल्या आत तोडले होते. तीन आठवड्यांनी मोटरवेवर बेल्ट तुटला. मिनीत बेल्ट तुटला की पंखा आणि वॉटर पंप दोन्ही एकदम थांबतात. बाईंनी लाल दिवा पाहिला, पुढच्या एक्झिटला थांबू असा विचार केला, आणि तिथे पोचेपर्यंत इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर हेडखालचं सील, गेलं होतं. मी ते इंजिन पैसे न घेता उघडून दुरुस्त केलं. तो बेल्ट अजून माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून लावलेला आहे. तुमचा तो लाल दिवा गाडी चालवताना पूर्ण पेटला आणि पेटलेलाच राहिला तर एक्झिटची वाट बघू नका, कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.

ताण देण्याची वेळ आली. डायनामो बाहेर, म्हणजे जाळीकडे ओढायचा आणि त्याच जागी पट्टीचा बोल्ट आवळायचा. हाताने पुरेसा ओढता येत नसेल तर लाकडाचा तुकडा किंवा हातोडीचा दांडा ब्लॉक आणि डायनामो यांच्यात घालून हलकेच रेटा, पण पुलीकडच्या टोकालाच. मधल्या नळकांड्यावर किंवा मागच्या टोकावर जोर दिलात तर डायनामोचं कवच तिरपं होतं. अल्टरनेटर असता तर त्याचं अ‍ॅल्युमिनियम तडकलं असतं. आधी पट्टीचा डायनामोकडचा बोल्ट आवळा, मग इंजिनाकडचा चौथा नट, शेवटी वरचे दोन.

किती ताण? क्रँकची पुली आणि डायनामोची पुली यांच्या मधला बेल्टचा जो सगळ्यात लांब भाग आहे, त्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच, म्हणजे १३ मिलिमीटर हलला पाहिजे. नवखे लोक नेहमी जास्त आवळतात, कारण किंचाळणं बंद व्हावं हाच विचार डोक्यात असतो. जास्त आवळलेला बेल्ट गप्प असतो, आणि आतून वॉटर पंपाचं आणि डायनामोचं बेअरिंग खात असतो. वॉटर पंपाच्या पोटाला एक छोटं भोक असतं, सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं. आत्ता विजेरी घालून तिथे गंजाचा ओघळ आहे का ते पाहून घ्या. असेल तर बेल्ट आवळत बसण्याऐवजी पंपाची तयारी करा. तेव्हा मात्र रेडिएटर काढावा लागेल, आणि त्याच वेळी पंप आणि हेड यांच्यातला तो बोटभर लांबीचा रबरी बायपास होजही बदलून टाका. पंप जागेवर असताना तो होज बदलणं हे मिनीवरचं मला सगळ्यात नकोसं काम आहे. तुमचा होज ओलसर नसेल, बोटाला चिरा लागत नसतील, तर त्याला आज हात लावू नका.

आता किंचाळण्याबद्दल. नवा बेल्ट घालूनही आवाज आला तर पुल्यांकडे बघा. व्ही-बेल्ट पुलीच्या तळावर बसत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पकडतो. बसवल्यावर बेल्टची पाठ पुलीच्या कडांशी साधारण समपातळीत दिसली पाहिजे. खोल गेलेला दिसत असेल आणि पुलीचा तळ घासून आरशासारखा चमकत असेल, तर पुलीच्या भिंती झिजल्यात आणि बेल्ट तळावर घसरतोय. तिथे कितीही आवळा, आवाज जाणार नाही. इंजिनातून गळणारं तेल बेल्टवर येतंय का तेही बघा. टायमिंग कव्हरचं सील गळत असेल तर नवा बेल्ट दोन महिन्यांत फुगतो आणि कडा चकचकीत होतात. काही लोक आवाज बंद करायला बेल्टवर साबण किंवा फवारा मारतात. एक दिवस गप्प बसतो, मग आणखी घसरतो.

लाल दिव्याबद्दल तुम्ही घाबरून लिहिलंय, पण एक गोष्ट समजून घ्या. डायनामो अल्टरनेटरसारखा नाही. इंजिन हळू फिरत असताना, सिग्नलला उभं असताना, तो बॅटरी भरण्याइतकी वीज देतच नाही, आणि तेव्हा दिवा मंद लुकलुकणं हा त्याचा स्वभाव आहे. अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की दिवा विझला पाहिजे. विझत असेल तर चार्जिंग ठीक आहे. रस्त्यावर वेगात असताना, हेडलाइट लावल्यावर दिवा मंद पेटत असेल तर बेल्ट घसरतोय किंवा डायनामोचे ब्रश संपलेत. नवा बेल्ट नीट ताणूनही तसंच राहिलं तर ब्रश तपासून घ्या. डायनामोच्या मागच्या टोकाला तेल घालायचं छोटं भोक असतं. त्यात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा. जास्त नको, तेल आत ब्रशवर गेलं तर काम वाढतं. इतक्या वर्षांत कुणी ते भोक पाहिलंच नसेल अशीच शक्यता जास्त.

नुसत्या बेल्टसाठी रेडिएटर हलवावा लागतो तो दोन प्रसंगी. काऊल वाकून ती मोकळी जागा बुजली असेल तर, किंवा कुणी सोळा पात्यांचा पंखा बसवला असेल आणि पाती काऊलला जवळजवळ टेकत असतील तर. तेव्हाही पूर्ण काढायची गरज नसते. काऊल दोन तुकड्यांचं असेल तर फक्त वरचा तुकडा काढा. एकसंध असेल तर वरच्या ब्रॅकेटचे काऊलकडचे बोल्ट सोडा, थर्मोस्टॅटकडचे नव्हे, आणि रेडिएटर किंचित चाकाच्या पत्र्याकडे कलवा. पाच-सात मिलिमीटर मिळतात आणि तेवढे पुरतात. होज ताणला जात नाही ना, तेवढं बघा. कुणी पंखाच काढून बेल्ट बदलायचा सल्ला दिला तर त्याचे चार बोल्ट त्या फटीत काढण्यापेक्षा वर सांगितलेलं सोपं आहे; आणि काढलाच तर कुठली बाजू रेडिएटरकडे होती त्यावर खडूने खूण करा. उलटा बसवलेला पंखा फिरतो नेहमीसारखाच, पण हवा नीट ढकलत नाही, आणि गाडी उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये का तापते ते महिनाभर सापडत नाही.

सगळं झाल्यावर इंजिन चालू करण्याआधी पंखा हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. काऊलला कुठे घासतोय का ते कानाने कळेल. चालू केल्यावर पाच मिनिटं तशीच चालू द्या, डोकं पंख्यापासून लांब ठेवून बेल्ट डुलतोय का बघा, आणि मग बंद करून पुन्हा अंगठ्याने दाबून पाहा. नवा बेल्ट पहिल्या दोनशे-अडीचशे किलोमीटरमध्ये थोडा सैल होतो, तेव्हा एकदा पुन्हा ताणावा लागेल. आता चारही नट कुठे आहेत ते हाताला माहीत झालंय, म्हणून तेव्हा दहा मिनिटं लागतील.

एक जादा बेल्ट आणि अर्धा इंची दोन पाने कापडात गुंडाळून डिकीत, बॅटरीच्या बाजूला ठेवून द्या. आणि येत्या शनिवारी सुरुवात कराल तेव्हा आधी त्या चौथ्या नटाला पाना लावून बघा, मला कळवा तो घट्ट होता की नाही.